बरणीतले जंत आणि कागदावरचे जंत: परजीवीशास्त्राचे संशोधन शेवटी कोणाजवळ राहते?

गोदाकाठ

नमस्कार. मी एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. परवा माळा आवरताना एक लाकडी पेटी हाती आली. तिच्यात १४२ काचपट्ट्या आणि ३७ लहान बाटल्या आहेत. शेळ्यामेंढ्यांच्या आणि गोदावरीतल्या माशांच्या आतड्यांतून मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी काढलेले हे पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे चपटे जंत, आहेत. कार्माइनचा गुलाबी रंग अजून चांगला आहे, मात्र काही पट्ट्यांवरचा डीपीएक्स, म्हणजे जंत काचेवर पक्का बसवणारा पारदर्शक लेप, कडेने आत ओढला गेला असून त्यात हवेचे बुडबुडे दिसतात.

पेटीच्या तळाशी रबराने बांधलेला पोस्टकार्डांचा एक गठ्ठाही निघाला. तेव्हा शोधनिबंध छापून आला की महिन्या-दोन महिन्यांत परदेशांतून छापील कार्डे येत असत. 'आपल्या अमुक निबंधाचे पुनर्मुद्रण पाठवावे, आभारी आहे' एवढाच त्यांवरचा मजकूर असे. चेकोस्लोव्हाकिया, इजिप्त, क्यूबा, पोलंड अशी ती कार्डे आहेत. तिकिटे मुलाने केव्हाच कापून नेली, म्हणून प्रत्येक कार्डाला एका कोपऱ्यात चौकोनी भोक आहे. मी स्वतःच्या पैशांनी टपाल हशील भरून निबंध पाठवत असे, आणि त्यात मला कधी काही वावगे वाटले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला अगदी व्यवहाराचा आहे, की ही पेटी कोणाला द्यावी. दुसरा मात्र त्या पेटीने माझ्या मनात उभा केला. ज्या नियतकालिकांत मी लिहिले त्यांपैकी दोन बंद पडली आहेत, विभाग दुसऱ्या इमारतीत हलला आणि विद्यार्थी पांगले. मग ते संशोधन आज कोणाशी वाटले गेले आहे, असे म्हणायचे?

मोडीवाचक

ताई, पेटी कोणालाही द्या, पण ती कार्डे मात्र जपून ठेवा. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला, हे आपण शाळेत शिकतो. त्या शोधामागे लंडनमधल्या पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी चाललेला पत्रव्यवहार होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. रॉस इथून काय दिसले ते लिहीत, आणि मॅन्सन तिकडून कुठे पाहावे ते सुचवीत. १८९८ च्या जुलैमध्ये एडिंबरोच्या सभेत रॉस यांचे पक्ष्यांच्या हिवतापावरचे निष्कर्ष मॅन्सन यांनीच वाचून दाखवले, कारण रॉस स्वतः तेव्हा हिंदुस्थानात होते. टपाल काढून टाकले तर त्या शोधाचा अर्धा इतिहास नाहीसा होईल.

खुरपका

मी पशुवैद्यक आहे. निबंधावर नाव कोणाचेही असो, मेंढीच्या पोटातला जंत पहिल्यांदा पाहतो तो खाटीक. आमच्या शिक्षणाच्या काळात कत्तलखान्यात पहाटे चारला जावे लागे, कारण उजाडेपर्यंत आतडी धुऊन निघालेली असत. तिथला एक वयस्कर कारागीर आतडे बोटांतून सोडताना नुसत्या स्पर्शाने सांगे, की 'डॉक्टर, यात आहे'. चिरून पाहिले की हातभर लांब, दुधासारखा पांढरा मोनिएझिया नावाचा पट्टकृमी निघायचा. यकृतावरच्या पाण्याच्या गाठीही तोच दाखवी, आणि कुत्र्यांपुढे टाकू नका असे सांगितल्यावर आमच्याकडे बघून हसे, कारण कुत्री दारातच बसलेली असत. त्या गाठीतला जंत कुत्र्याच्या पोटात मोठा होतो आणि कुत्र्यामार्फत पुन्हा मेंढीकडे, कधी माणसाकडेही येतो, ही साखळी त्या दारातच पुरी होत होती.

धनगरांना मेंढीच्या लेंडीतले मोनिएझियाचे तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. ते जंत मेंढीत शिरतात कुठून, हे मात्र शास्त्राला १९३७ सालापर्यंत ठाऊक नव्हते. गवताच्या मुळाशी राहणारे माइट, म्हणजे गोचिडीच्या कुळातले सूक्ष्म जीव, त्या जंताचे मध्यस्थ यजमान आहेत, म्हणजे त्याची अळी त्यांच्या शरीरात वाढते, हे स्टंकार्ड यांनी त्या वर्षी दाखवून दिले. म्हणजे धनगराला अर्धे कोडे माहीत होते आणि प्रयोगशाळेने उरलेले सोडवले. तो निबंध धनगरापर्यंत पोचवण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याचे नव्हते. ते आम्ही पशुवैद्यकांनी करायला हवे होते, आणि बहुतेकांनी केले नाही. त्यात मीही आलो.

काचपट्टी

मी सध्या माशांतल्या पट्टकृमींवर पीएच.डी. करते आहे. गोदाकाठ मॅडम, आपल्या पेटीविषयी वाचून आनंद झाला, पण एक अप्रिय गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे मागूर माशाच्या आतड्यातून नव्या नव्या पट्टकृमींची वर्णने वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत राहिली. २०११ साली युरोपीय आणि भारतीय संशोधकांच्या एका गटाने भारत, इंडोनेशिया आणि थायलंडमधून नवे नमुने गोळा केले, जुने टाइप नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून मूळ नावे दिली ते नमुने, मिळतील तेथून मागवले आणि त्या माशातल्या पट्टकृमींच्या एका विशिष्ट गणाच्या सगळ्या नावांची छाननी केली. नावे ५९ निघाली आणि त्यांतल्या जाती ८ ठरल्या. उरलेली ५१ नावे, माझ्या मार्गदर्शकांच्या शब्दांत सांगायचे तर, 'कागदावरचे जंत' आहेत.

असे होण्याचे कारण अगदी घरगुती आहे. पट्टकृमी जिवंत असताना आखडतो आणि पसरतो. बाजारातून आणलेल्या मेलेल्या माशातला जंत सैल पडून लांबलेला असतो, आणि थंड फॉर्मलिनमध्ये टाकलेला जिवंत जंत आकसून घट्ट होतो. त्यात रंगवण्यापूर्वी त्याला दोन काचांमध्ये दाबले, तर डोके रुंद होते, वृषणे एकमेकांपासून दूर जातात आणि अंडाशयाचा आकारच पालटतो. एकाच जातीचे तीन जंत अशा तीन प्रकारांनी तयार केले, तर मोजमापांच्या तक्त्यात तीन नव्या जाती सहज उभ्या राहतात. आज आम्ही जंत गरम फॉर्मलिनमध्ये टाकतो, त्यामुळे तो न दाबताच सरळ राहतो, आणि त्याच जंताचा एक तुकडा डीएनएसाठी तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतो.

दशमान

यात लाज वाटण्यासारखे काय आहे? नाव देणे आणि पुढे ते नाव मोडीत निघणे, दोन्ही वर्गीकरणशास्त्राचे नेहमीचे व्यवहार आहेत. युरोपीय संशोधकांनी एकोणिसाव्या शतकात दिलेली कितीतरी नावे अशीच रद्द झाली आहेत, पण त्यांना कोणी कागदावरचे जंत म्हणत नाही.

काचपट्टी

दशमान, नाव रद्द होण्याला माझी हरकत नाही. ते रद्द करायचे की ठेवायचे हे ठरवण्यासाठी जो नमुना लागतो तोच सापडत नाही, यावर माझा आक्षेप आहे. 'टाइप नमुना विभागात ठेवला आहे' असे निबंधात लिहिलेले असते. त्या विभागात गेले की कपाट दाखवतात, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त झालेले असतात, आणि कुलूप तोडल्यावर आत सुकलेल्या बाटल्या व वाळवीने खाल्लेल्या चिठ्ठ्या मिळतात. हे एका विभागात मी स्वतः पाहिले आहे. प्राणिनामकरणाच्या नियमांत १९९९ नंतर हे स्पष्टच केले आहे, की नवे नाव देताना टाइप नमुना कोणत्या संग्रहात ठेवला जाणार आणि तो संग्रह कुठे आहे, याचे विधान निबंधात असलेच पाहिजे. आपण मात्र संग्रह हा शब्द फार सैल अर्थाने घेतला.

गोदाकाठ

काचपट्टी, तुम्ही लिहिलेले मी दोनदा वाचले. आम्ही जंत दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवून दोऱ्याने बांधत असू, आणि तो दोरा किती आवळायचा हे ज्याच्या त्याच्या हातावर असे. माझ्या एका विद्यार्थ्याचा हात जड होता. त्याच्या पट्ट्यांतले सगळे जंत रुंद आहेत, हे मला आजच पेटी पुन्हा उघडल्यावर दिसले. मी दोन नव्या जातींना नावे दिली होती. त्यांपैकी एक त्या जड हाताची असावी, अशी शंका मला आता येते आहे.

आमची बाजूही सांगते. विभागात एकच चांगला सूक्ष्मदर्शक होता आणि त्यावर पदव्युत्तर वर्गाची प्रात्यक्षिकेही चालत. गरम फॉर्मलिनची पद्धत आम्हाला कोणी दाखवली नव्हती. जुने मूळ निबंध मिळवायचे तर रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन ग्रंथालयात बसून हाताने उतरवून आणावे लागत. ज्याची तुलना करायची तेच समोर नसेल, तर सगळेच नवे दिसते.

वाशिष्ठी

विषय नमुन्यांवरून गावांकडे नेते, त्याबद्दल क्षमस्व, पण मला यात एक गाव आठवले. रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी. आमच्या आजोळापासून ते फार लांब नाही.

लघवीतून रक्त पडण्याचा जो आजार इजिप्तमध्ये आणि आफ्रिकेत प्राचीन काळापासून आहे, त्याचा परजीवी शिस्टोसोमा हिमॅटोबियम. थिओडोर बिलहार्झ यांनी तो १८५१ साली कैरोत शोधला. हा आजार भारतात नाही, असे सर्वसाधारण मत होते, कारण आफ्रिकेत ज्या बुलिनस गोगलगाईंमधून तो पसरतो त्या आपल्याकडे नाहीत. आणि १९५२ साली गाडगीळ व शहा यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या या कोकणी खेड्यात त्याचे स्थानिक केंद्र असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी मध्यस्थ म्हणून ओढ्यातली फेरिसिया टेन्युइस ही गोगलगाय दाखवली. ती डोळ्यांसमोर आणायची तर शंख विसरा. पाण्यातल्या दगडाला किंवा कुजलेल्या पानाला चिकटलेली, काही मिलिमीटरची, उपड्या टोपीसारखी बसकी कवची असते. पाय धुताना ती पायाखाली आली तरी कळणार नाही.

परजीवीशास्त्राच्या ग्रंथांत गिमवी हे नाव आजही भेटते. मी मात्र आजोळच्या माणसांना विचारले तेव्हा एका म्हाताऱ्या मामांखेरीज कोणालाच काही सांगता आले नाही. मामा म्हणाले, 'डॉक्टर येत, बाटल्या देत, सकाळी भरून घेऊन जात.' त्या बाटल्यांचे पुढे काय झाले, हे त्यांच्या पिढीला कोणी मराठीत सांगितले असेल असे मला वाटत नाही. गोदाकाठ ताईंचा प्रश्न त्या पेटीपुरता नाही. ज्यांच्या शरीरातून नमुना आला ती माणसे संशोधन वाटून घेणाऱ्यांत मोजायची की नाहीत, असाही तो आहे.

दशमान

वाशिष्ठी, याची दुसरी बाजूही पाहावी. गावाचे नाव रोगाशी कायमचे जोडले जाणे हे त्या गावाला हवे असेलच असे नाही. आजच्या संकेतांप्रमाणे ते नाव कदाचित छापलेही गेले नसते.

बारव

नारूची गोष्ट कोणी काढली नाही, याचे आश्चर्य वाटले. माझ्या आजोबांच्या घोट्याच्या वर एक पांढरट खळगा होता. ते लहान असताना तिथून नारू निघाला होता. आधी फोड आला, त्यात निखारा ठेवल्यासारखी आग झाली, म्हणून त्यांनी पाय बारवेच्या पाण्यात बुडवला. फोड फुटून दोऱ्यासारखे टोक बाहेर आले, ते काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढत सतरा दिवस ते ओसरीवर बसून होते. घाई केली आणि नारू तुटला तर पाय सडतो, हे घरातल्या बायकांना पक्के माहीत होते.

पाय पाण्यात घालण्याच्या त्या सुखातच साऱ्या रोगाचे बीज होते. मादी नेमकी तेव्हाच हजारो अळ्या पाण्यात सोडते, सायक्लॉप्स नावाचे पाण्यातले बारीक किडे त्या अळ्यांना गिळतात, आणि त्या पाण्याबरोबर किडे पोटात गेले की सुमारे वर्षभराने पुढच्या माणसाला फोड येतो. सायक्लॉप्सची ही भूमिका रशियन संशोधक फेदचेंको यांनी १८७० साली मध्य आशियातल्या तुर्कस्तान प्रांतात पाहिली होती. म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नये आणि पाणी दुपदरी कापडातून गाळावे, एवढे सांगण्याजोगे ज्ञान तेव्हापासून हाताशी होते. भारतात राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला १९८३-८४ मध्ये. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. १८७० पासून १९८३ पर्यंत ते ज्ञान कोणाशी वाटले जात होते, हे मला कोणीतरी सांगावे.

आता त्याहून बोचणारी गोष्ट. १९३६ च्या सुमारास म्हैसूर संस्थानातल्या चितळदुर्ग भागात मूर्ती आणि स्वीट हे दोघे नारूवर काम करत होते. पायविहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडण्याचे प्रयोग त्यांनी केले, आणि कुत्र्यांना बाधित सायक्लॉप्स देऊन त्यांच्यात नारू वाढवूनही दाखवला. हे सगळे छापून आले. पुढे सारी मोहीम 'नारू माणसाचा, माणसात संपवला की संपला' या समजुतीवर चालली, आणि २०१२ पासून आफ्रिकेतल्या चाड देशात कुत्र्यांच्या पायांतून नारू निघू लागले, तेव्हा जग चकित झाले. १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख माणसांना नारू होत असे, २०२४ मध्ये अवघ्या १५ माणसांना झाला, आणि तरीही मोहीम पूर्ण होत नाही ती मुख्यतः या कुत्र्यांमुळे. चितळदुर्गचे निबंध तेवढा सगळा काळ कपाटातच होते.

काचपट्टी

बारव, नारूवर तुमच्याशी सहमत आहे, पण शेवटच्या परिच्छेदात थोडी गल्लत होते आहे. प्रयोगशाळेत कुत्र्याला बाधा होऊ शकते, हे एक. रानात कुत्र्यांमध्ये रोगाचे चक्र आपले आपण चालू राहते, हे निराळे. भारतात माणसांतला नारू संपला तेव्हा कुत्र्यांमुळे तो परत आला नाही. चाडमध्ये बहुधा मासे आणि बेडूक मध्ये येतात, नदीकाठी टाकलेली माशांची आतडी कुत्री खातात. जुना निबंध वाचून हे सगळे आधीच कळले असते, असे म्हणता येणार नाही. शक्यता नोंदलेली होती आणि ती डोळ्यांआड झाली, इतकेच म्हणता येईल.

बारव

मान्य. 'इतकेच' हा शब्द सोडून.

थेम्सकाठ

मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये हिवतापाच्या परजीवीवर काम करतो. सूर फार उदास झाला आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण देतो.

माणसाच्या हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी, प्लास्मोडियम फाल्सिपेरम, शरीराबाहेर सतत वाढवता येत नव्हता. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांना ते जमले. पुढे त्यांनी जी साधी रीत प्रचारात आणली तिला मेणबत्तीची बरणी म्हणतात. काचेच्या जाड बरणीत परजीवीच्या तबकड्या ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवायची, झाकण जवळजवळ लावायचे आणि ज्योत विझता विझता ते घट्ट करायचे. परजीवीला हवा असलेला कमी प्राणवायू आणि जास्त कार्बन डायऑक्साइड आत आपोआप तयार होतो. वायूंची महागडी टाकी नसलेल्या प्रयोगशाळाही त्यामुळे कामाला लागल्या. मी स्वतः ही रीत भारतात एम.एस्सी. करताना शिकलो, आणि आमची मेणबत्ती शेजारच्या किराणा दुकानातली होती.

दुसरी गोष्ट नमुन्याची. जगभरच्या प्रयोगशाळांत आज ३डी७ नावाचा जो परजीवी वाढवतात, तो ज्या मूळ वाणातून वेगळा काढला तो नेदरलँड्समधल्या, विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णाचा. विमानातून आलेला एखादा डास त्याला चावला असावा. त्या एका माणसाच्या रक्तातला परजीवी प्रयोगशाळांनी एकमेकींना गोठवून पाठवला, आणि २००२ साली ज्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तो हाच. त्या कामात जनुकक्रमाची माहिती निबंध छापून येण्याआधीच टप्प्याटप्प्याने सर्वांना खुली केली होती. सगळे जण एकाच परजीवीबद्दल बोलत असल्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला पडताळता येतो. पट्टकृमींच्या बाबतीत नेमके हेच झाले नाही. तिथे प्रत्येकाजवळ आपापली बाटली होती.

तिरकस

मेणबत्तीची बरणी आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात रोज असे. त्यात फक्त डास वाढले.

ग्रंथपाल

वाटपाची चर्चा चालली आहे, तर कपाटाच्या किल्लीबद्दलही लिहिले पाहिजे. केंद्र सरकारची 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना त्यातून मिळतात. आमच्या ग्रंथालयात यापूर्वी परजीवीशास्त्राचे एकही परदेशी नियतकालिक नियमित येत नव्हते, त्यामुळे हा बदल किती मोठा आहे हे मी रोज पाहतो. पण गोदाकाठ मॅडमसारखा निवृत्त अभ्यासक, खुरपका यांच्यासारखा खासगी व्यवसाय करणारा वैद्यक, किंवा वाशिष्ठी यांच्यासारखा जिज्ञासू वाचक या योजनेत कुठेच बसत नाही. गिमवीवरचा निबंध गिमवीत बसून वाचता येणे ही अजून दूरची गोष्ट आहे.

तिरकस

लेखक फुकट लिहितो, परीक्षक फुकट तपासतो, छापणारा पैसे घेतो आणि वाचणाराही पैसे देतो. या जीवनचक्रात यजमान कोण आणि परजीवी कोण, हे जाणकारांनी आकृती काढून स्पष्ट करावे. गुण १०.

खुरपका

उत्तर: यातला वाचक हा 'अंतिम यजमान'. आणि एक शास्त्रीय दुरुस्ती सुचवतो. यजमान मेला की बहुतेक परजीवींचेही भागते, म्हणून मुरलेला परजीवी यजमानाला मारत नाही, अशक्त ठेवतो. त्या दृष्टीने उपमा चपखल आहे.

वाशिष्ठी

दशमान यांनी गावाच्या नावाबद्दल जे लिहिले त्याचा मी दोन दिवस विचार केला. नाव लपवावे असे मला वाटत नाही. नाव छापले म्हणूनच मला सत्तर वर्षांनी ते काम सापडले. नाव न छापता 'पश्चिम किनाऱ्यावरील एक खेडे' असे लिहिले असते, तर आजच्या कोणाही संशोधकाला तो ओढा पुन्हा तपासता आला नसता, आणि मलाही मामांना काही विचारता आले नसते. मामांना परवा फोनवर तो सगळा शोध समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, 'म्हणजे ती बारकी गोगलगाय होय? ती तर अजून आहे.' ती तीच आहे की दुसरी, हे मला कसे सांगता येणार? पण पाहायला जाणार आहे.

थेम्सकाठ

वाशिष्ठी, जाल तेव्हा गोगलगाय कोरडी आणू नका. तीव्र अल्कोहोलच्या लहान बाटलीत टाका, जागा आणि तारीख लिहा. आणि त्या पाण्यात विनाकारण अनवाणी उभ्या राहू नका, हे लिहायला नको, तरी लिहितो.

काचपट्टी

मूळ प्रश्न मागे पडला आहे, म्हणून मॅडमच्या पेटीकडे वळते. माझ्या मार्गदर्शकांना विचारून लिहिते आहे.

सर्वांत आधी कोणतीही बाटली ओतू नका आणि कोणतीही जुनी चिठ्ठी फेकू नका, ती वाचता येत नसली तरीही. नवी चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर डकवलेला कागद गळून पडतो. प्रत्येक काचपट्टीला एकच क्रमांक द्या आणि तोच क्रमांक वहीत लिहा. यजमान कोणता, कुठला, कधीचा, जंत कोणत्या अवयवातून काढला आणि कोणी काढला, एवढ्या पाच गोष्टी असल्या तर पट्टीतला जंत पुसट झाला तरी नोंद उपयोगी पडते. त्या नसल्या तर आमचे सर म्हणतात तसे, 'चिठ्ठीविना बरणी म्हणजे लोणचे'.

फॉर्मलिनमधल्या जंतांचे डीएनए काढणे कठीण असते, म्हणून बाटल्यांबद्दल फार आशा दाखवत नाही. काचपट्ट्यांचे मात्र मोल आहे. त्यांत आपल्या दोन जातींचे टाइप नमुने असतील, तर ते घरात राहणे योग्य नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे आधी पत्र लिहून, यादी पाठवून विचारावे. न विचारता पेटी नेऊन ठेवू नये, कारण तिथेही माणसे थोडी आणि कपाटे भरलेली असतात. आणि मॅडम, आपली एक जात रद्द झाली, तर ती आपण स्वतःच रद्द करावी, अशी माझी विनंती आहे. जड हाताच्या पट्ट्या आणि हलक्या हाताच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मोजमापे घेतली, तर दाबण्याने किती फरक पडतो हे दाखवणारे एक छोटे, अतिशय उपयोगी टिपण होईल. तसा जुळा संच आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

दशमान

हे मात्र मला पटले. स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने खोडणे हे नवे नाव देण्याइतकेच नोंदवण्याजोगे काम आहे.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. गेला आठवडा मी जुनी नोंदवही घेऊन बसले होते. १४२ पट्ट्यांपैकी ११८ जुळल्या. वहीत माशांच्या नोंदींपुढे मासे देणाऱ्या बाईंचेही नाव आहे, कारण एका विद्यार्थिनीला सगळेच लिहून ठेवायची सवय होती. त्या बाई मरळ, वाम आणि मागूर वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवीत, आणि कोणता मासा कोणत्या डोहातला हे त्यांना विचारावे लागत नसे, त्या आपणहून सांगत. आमच्या एकाही निबंधात त्यांचे नाव नाही. 'स्थानिक बाजारातून' असे आम्ही छापले.

एका जातीचा टाइप नमुना सापडला आहे, पट्टी शाबूत आहे. दुसऱ्या जातीचा, म्हणजे शंकेच्या जातीचा, अजून सापडलेला नाही. जड हाताच्या त्या विद्यार्थ्याला काल फोन केला. तो आता एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक आहे. त्याला पट्टीचे काही आठवले नाही, पण दोरा मात्र आठवला. तो पतंगाचा मांजा होता, असे म्हणाला.

काचपट्टी, एका बाटलीत चिठ्ठीच नाही. आत दोन जंत आहेत, एक मोठा आणि एक तुटका, आणि तळाशी गाळ बसला आहे. तो कदाचित विरघळलेल्या चिठ्ठीचाच असेल. ही यादीत धरायची का?

काचपट्टी

धरा, मॅडम. क्रमांक द्या, आणि यजमानाच्या रकान्यात 'नोंद नाही' असे लिहा. अंदाजाने मागूर लिहू नका. गाळही ओतू नका. पेटी कुरिअरने पाठवू नका, पुढच्या महिन्यात मी गावी येते आहे, तेव्हा आपल्याकडे येऊन सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा लावून सगळ्या पट्ट्यांची छायाचित्रे घेऊ. मांजाची नोंद मात्र वहीत आजच करून ठेवा.